पाण्याचा रेटा आणि दगडाची भिंत

स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जलस्थितिशास्त्राच्या आरंभीच एक गणित घालण्यात येते. तीस मीटर उंचीची एक उभी भिंत आहे, तिच्या एका अंगास काठोकाठ पाणी आहे. तर भिंतीच्या दर मीटर लांबीस पाण्याचा रेटा किती, आणि तो नेमका कोठे लागतो? गणित असे सोपे की हुशार विद्यार्थी ते तोंडी सोडवितो. परंतु या सोप्या गणिताला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात गावेच्या गावे वाहून गेलेली आहेत. तो इतिहास येथे सांगावा असा आमचा विचार आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांचा इंजिनिअरिंगशी संबंध नसणार हे आम्ही धरून चाललो आहोत. तथापि धरणाच्या खालच्या अंगाला राहण्याशी आपला संबंध नाही, असे पुण्यात तरी कोणास म्हणता यावयाचे नाही.

प्रथम गणितच सोडवून टाकू. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. विहिरीत बुडी मारणाऱ्या पोराचे कान खोल जावे तसतसे दुखू लागतात, याचे कारण त्याच्या डोक्यावरील पाण्याचा स्तंभ वाढत जातो. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन दाब, दहा मीटरवर दहा टन, तीस मीटरवर तीस टन. म्हणजे भिंतीच्या माथ्याशी दाब शून्य आणि तळाशी तीस टन; कागदावर काढले तर एक त्रिकोण होतो. सरासरी पंधरा टन, गुणिले तीस मीटर उंची, म्हणजे दर मीटर लांबीस ४५० टन रेटा. त्रिकोणाचा भार तळाकडे झुकलेला असतो, म्हणून हा रेटा मध्यावर लागत नाही, तळापासून एक-तृतीयांश उंचीवर, म्हणजे दहा मीटरवर लागतो. भिंतीला उलथविण्याची त्याची शक्ती ४५०० टन-मीटर. झाले गणित.

यात एक गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खोटीच वाटते. भिंतीमागे पाणी किती लांबवर पसरले आहे हे आपण विचारलेच नाही. दहा कोसांचा जलाशय असो की भिंतीला लागून हातभर रुंदीचा हौद असो, खोली तीच असेल तर रेटा तोच. अफाट समुद्र आणि घागरभर पाणी यांना एका मापाने मोजणारा हा नियम प्रथम नीट मांडला तो सिमॉन स्टेव्हिन या गृहस्थाने. हा ब्रूज गावचा, जन्म १५४८ चा. जन्म घालविला हॉलंडात, आणि हॉलंड म्हणजे समुद्राला बांध घालून राहणाऱ्यांचा देश. पाण्याच्या दरवाजावर किती भार येतो हा तेथे पोटापाण्याचा प्रश्न. स्टेव्हिनने पाण्याच्या भारावरचा आपला ग्रंथ १५८६ साली लायडनला छापला, आणि तोही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर डच भाषेत. दशांश अपूर्णांक युरोपात रूढ करण्याच्या कामी ज्याची पुस्तिका १५८५ मध्ये उपयोगी पडली तो हाच. १ एप्रिल १९५७ पासून आपण आणे-पै सोडून नवे पैसे मोजू लागलो त्यात त्याचाही थोडा हात होता, असे म्हणावयास हरकत नाही.

स्टेव्हिनने भिंतीवरचा दाब काढला तो भिंतीच्या आडव्या बारीक पट्ट्या कल्पून, प्रत्येक पट्टीवरचा भार मांडून आणि त्यांची बेरीज करून. कलनशास्त्र तेव्हा जन्मालाही यावयाचे होते. पुढे पास्कालने सांगितले की द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा असतो, वरून खाली जितका तितकाच आडवा, आणि तितकाच खालून वर. पास्कालचा हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. ‘खालून वर’ हे दोन शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. नियम १६६३ पासून छापील होता. धरण बांधणाऱ्यांच्या कागदावर तो उतरावयास सव्वादोनशे वर्षे लागली. या अवधीत जे घडले तोच आमचा विषय.

स्पेनमध्ये लोर्का नगराच्या वरच्या अंगाला ग्वादालेन्तीन नदीवर पुएन्तेस नावाचे दगडी धरण १७९१ मध्ये पुरे झाले. उंची ५० मीटर. भिंत म्हणाल तर अशी अगडबंब की पाण्याचा आडवा रेटा तिला हलवूही शकला नसता. पण नदीच्या पात्रात मध्यभागी खडक लागला नाही. तेथे वाळू आणि गोटे होते. बांधणाऱ्यांनी त्यात लाकडी खुंट ठोकले आणि त्यांवर भिंत रचली. अकरा वर्षे काही झाले नाही, कारण अकरा वर्षे जलाशय पुरता भरलाच नाही. १८०२ मध्ये पाणी ४७ मीटरपर्यंत चढले. आता आपले सोपे गणित करून पाहा: ४७ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ४७ टन. हा दाब भिंतीच्या तोंडावर जसा होता, तसाच तो तिच्या पायाखालच्या वाळूतही शिरू पाहत होता. आणि वाळू म्हणजे काही खडक नव्हे. ३० एप्रिल १८०२ रोजी दुपारी धरणाच्या कोरड्या अंगाला तळातून गढूळ लाल पाणी उसळू लागले. थोड्याच वेळात पायातली वाळू, गोटे व खुंट सारे वाहून गेले, आणि मधोमध मोठे भगदाड पडून वरचे बांधकाम पुलासारखे अधांतरी राहिले. ६०८ माणसे मेली. भिंतीच्या तोंडावरचे गणित अगदी बरोबर असून हे घडले, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

लोक म्हणाले, पाया कच्चा होता. खरेच होते. पण ‘पाया कच्चा’ म्हटले की चौकशी संपते, आणि पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. पाया पक्का असता, खडकच असता, तर पाण्याने त्यात शिरण्याचे सोडले असते काय?

एकोणिसाव्या शतकात धरणाच्या भिंतीचे शास्त्र रचले ते मुख्यतः फ्रेंच इंजिनिअरांनी. त्यांच्या सरकारी पूल-रस्ते खात्याच्या वार्षिकात १८५३ मध्ये साझिली याचा निबंध आला. त्याचे म्हणणे असे की भिंतीच्या प्रत्येक थरात दगडावर येणारा भार ठरावीक मर्यादेत राहील, जास्त नाही आणि फारसा कमीही नाही, असा भिंतीचा छेद आखावा. म्हणजे दगड व पैसा फुकट जाणार नाही. देलोक्रने हे पुढे नेले आणि सेंत-एत्येन शहराजवळ फ्युराँ ओढ्यावर १८६६ मध्ये पन्नास मीटरहून उंच धरण या पद्धतीने उभे राहिले. ते आजही उभे आहे. त्याचा डौलदार, खाली पसरत गेलेला छेद पाहिला की स्पेनमधील जुनी धरणे दगडांचे ढीग वाटू लागतात. परंतु या सर्व मंडळींचे लक्ष एकाच भीतीकडे होते, ती म्हणजे दगड चिरडला जाण्याची. पाणी भरले की भिंत पुढे कलू पाहते, तिच्या चवड्यावर भार येतो, तेथे दगड पिचेल, हे त्यांनी ओळखले. भिंत पुढे कलते तेव्हा मागे टाचेशी काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

या टप्प्याला मुंबईचा संबंध येतो, आणि तो फारसा कोणास ठाऊक नसतो. मुंबईच्या लोकांस विहार तलावाचे पाणी १८६० पासून मिळू लागले होते, पण शहर वाढत होते व ते पुरेना. नगरपालिकेचे कार्यकारी इंजिनिअर कॅप्टन टुलॉक यांनी नव्या जलाशयांसाठी दगडी धरणांचा विचार चालविला, आणि ग्लासगोचे प्रोफेसर रँकिन यांचा सल्ला विचारला. रँकिन म्हणजे त्या काळच्या इंजिनिअरिंगमधला भीष्माचार्य. वाफेच्या यंत्रापासून मातीच्या दाबापर्यंत त्याने हात घातला नाही असा विषय नाही. त्याचा अहवाल जानेवारी १८७२ मध्ये लंडनच्या ‘इंजिनिअर’ या साप्ताहिकात छापून आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला.

त्या अहवालात रँकिनने जी गोष्ट सांगितली ती आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. चुन्यात बांधलेले दगडकाम दाबले गेले तर सहन करते, ताणले गेले तर त्याचा भरवसा नाही. तेव्हा भिंतीत कोठेही ताण येऊ देऊ नये. यासाठी भिंतीचे वजन आणि पाण्याचा रेटा यांची मिळून जी दिशा होते, ती प्रत्येक थराच्या मधल्या तृतीयांशातून गेली पाहिजे. मधला तृतीयांश म्हणजे काय ते साध्या उदाहरणाने सांगतो. पाटावर बसलेला माणूस पुढे झुकला की पाटाची मागची कड जमिनीवरून सुटू लागते. किती झुकेपर्यंत ती सुटणार नाही, याची एक सीमा आहे. चौकोनी पाटाला ती मधल्या तिसऱ्या भागाची येते. भिंतीची टाच म्हणजे ही मागची कड. ती सुटली की भेग, आणि ही भेग पाण्याच्या बाजूला! भेगेत पाणी शिरणार हे सांगावयास प्रोफेसर नको. रँकिनने भेगेची वाट बंद केली. पण भेग नसताना देखील दगडकामाच्या सांध्यांतून, खडकाच्या चिरांतून पाणी आपला दाब घेऊन आत येते आणि भिंतीला खालून उचलू पाहते, हा हिशेब त्यानेही मांडला नाही.

तो हिशेब मांडण्यास भाग पाडले बूझे येथील अपघाताने. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पूर्वेकडील मुलूख जर्मनांकडे गेला. तेव्हा नव्या सरहद्दीच्या आतून एक कालवा खणण्यात आला, व त्याला पाणी पुरविण्यासाठी एपिनाल शहराजवळ बूझे येथे १८७८ ते १८८० मध्ये धरण बांधले. लांबी पाचशे मीटरवर, साठा सुमारे ७० लाख घनमीटर. मोठी उंचीही नव्हती. १४ मार्च १८८४ रोजी या भिंतीचा सुमारे १३५ मीटर लांबीचा तुकडा पुढे सरकला. एक फुटाहून जास्त सरकला आणि थांबला. धरण एक फूट चालले, तरी जलाशय लगोलग रिकामा करण्यात आला नाही! पुढे तो रिता करून १८८८-८९ मध्ये दुरुस्ती केली, पायथ्याशी भक्कम टेकू बांधला, भेगा बुजविल्या आणि पुन्हा पाणी भरले. दुरुस्ती चांगली होती. मात्र ती जेथे भिंत सरकली होती तेथली होती. वरची भिंत होती तशीच बारीक राहिली. तिच्या माथ्यापासून दहाएक मीटर खाली रँकिनचा नियम लावून पाहिला तर तो मोडत होता. पाण्याकडच्या तोंडाला तेथे ताण येत होता. २७ एप्रिल १८९५ रोजी सकाळी त्याच पातळीवर भिंत आडवी तुटली आणि माथ्याचा सुमारे पावणेदोनशे मीटर लांबीचा भाग खाली दरीत गेला. ऐंशीहून अधिक माणसे दगावली.

त्याच वर्षी मोरीस लेव्ही या गणितज्ञाने पॅरिसच्या अकादमीपुढे कारण मांडले. ताणाने भेग पडते. भेगेत पाणी शिरते. शिरलेले पाणी वरच्या भिंतीला उचलून धरते, म्हणजे तिचे वजन कमी करते. वजन कमी झाले की ताण वाढतो. ताण वाढला की भेग आणखी आत जाते. हे एकदा सुरू झाले म्हणजे भिंतीच्या दुसऱ्या अंगाला पोहोचेपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. तेव्हा लेव्हीचा नियम असा, की पाण्याकडच्या तोंडाशी दगडकाम नुसते दाबाखाली असून भागत नाही, त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाहून ते अधिक दाबाखाली पाहिजे. म्हणजे पाण्याला आत शिरण्यास जागाच उरणार नाही. नियम कडक होता. त्याप्रमाणे बांधावयाचे तर दगडकाम फार वाढते, म्हणून पुष्कळांनी तो डावलला. लेव्हीने दुसरीही वाट सुचविली होती, की भिंतीत तोंडाजवळच मोऱ्या ठेवून शिरलेले पाणी बाहेर काढून द्यावे. वेल्समधील व्हिर्नवी धरणाच्या पायात डीकन या इंजिनिअरने अशा मोऱ्या १८८० च्या दशकातच ठेवल्या होत्या. त्याची आठवण मात्र बूझेनंतर झाली.

या उचलण्याची किंमत किती, हे कळावे म्हणून आपण आपल्या तीस मीटरच्या भिंतीकडे परत जाऊ. भिंतीचा छेद त्रिकोणी, पाण्याकडचे तोंड उभे, आणि दगडकाम पाण्याच्या सव्वादोन पट जड असे धरा. रँकिनच्या नियमाने तिला तळाशी २० मीटर रुंदी पुरते. दर मीटर लांबीस तिचे वजन ६७५ टन. ४५० टनांचा आडवा रेटा व हे वजन यांची मिळून दिशा बरोबर मधल्या तृतीयांशाच्या कडेवर, टाचेपासून १३.३ मीटरवर येते. परीक्षेत पूर्ण गुण. आता पायाखाली पाणी शिरले, टाचेशी पूर्ण तीस टन आणि चवड्याशी शून्य, असे माना. खालून वर रेटा झाला ३०० टन. ६७५ टनांची भिंत ३७५ टनांची झाली! तिला घासून पुढे ढकलणारा रेटा तिच्या वजनाच्या दोन-तृतीयांश होता, तो आता वजनाच्या सव्वापट झाला. भाराची दिशा टाचेपासून १८.७ मीटरवर गेली, म्हणजे भिंत चवड्याच्या शेवटच्या सव्वा मीटरवर तोल सांभाळून उभी आहे. हा हिशेब लक्षात घेऊन बांधावयाचे तर तळाची रुंदी २० ऐवजी जवळजवळ २७ मीटर पाहिजे. दगडकाम एक-तृतीयांशाने वाढले. मोऱ्या ठेवून हा खालचा दाब उतरविला तर अर्थात इतके वाढवावे लागत नाही, म्हणून आजच्या मोठ्या धरणांच्या पोटात माणूस चालू शकेल असे बोगदे असतात, आणि त्यांत पायाच्या खडकात घेतलेल्या छिद्रांतून पाणी येत असते. पाहुण्यांस ते गळके धरण वाटते. ते पाणी यावयाचे थांबले तर खरी काळजी.

मधल्या काळात इंजिनिअरांत एक लांबलचक वाद चालला. पाणी दगडाच्या कणाकणात तर शिरत नाही. मग तळाच्या सगळ्या क्षेत्रावर हा दाब धरावयाचा की अर्ध्यावर, की दोन-तृतीयांशावर? ज्याला जेवढा दगड वाचवावयाचा तेवढा आकडा तो धरी, असे म्हटले तर कठोर होईल, पण अगदीच खोटे होणार नाही. हा वाद चालू असता पेनसिल्व्हानियात ऑस्टिन गावाच्या वर एका कागद कारखान्यासाठी १९०९ मध्ये बांधलेले काँक्रीटचे धरण जानेवारी १९१० मध्ये सरकले आणि ३० सप्टेंबर १९११ रोजी फुटले. ७८ बळी गेले. बूझेप्रमाणेच त्यानेही आधी बजावले होते. कॅलिफोर्नियात सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री कोसळले, चारशेहून अधिक माणसे मेली. तेथे मोऱ्या होत्या त्या फक्त मधल्या भागाखाली, आणि तो मधला भाग तेवढा उभा राहिला. अखेर ईजिप्तच्या पाटबंधाऱ्यांवर काम करणाऱ्या लेलियाव्हस्कीने १९४५ मध्ये प्रयोगाने काढलेले प्रमाण प्रसिद्ध केले. काँक्रीटमध्ये पाण्याचा दाब सरासरी ९१ टक्के क्षेत्रावर लागतो. अर्धे नव्हे, दोन-तृतीयांशही नव्हे. यानंतर सरसकट पूर्ण क्षेत्र धरण्यास कोणी फारसे हरकत घेईना.

आता घराकडे येऊ. आपल्याकडील कितीतरी दगडी धरणे या वादाचा निकाल लागण्यापूर्वीची आहेत. कर्नल फाइफने आखलेले खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. मुंबईसाठी बांधलेले तानसा १८९२ चे. त्रावणकोरच्या डोंगरात पेनिक्विकने बांधलेले मुल्लपेरियार १८९५ चे, म्हणजे ज्या साली बूझे तुटले त्याच सालचे. या बांधणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. रँकिनच्या पुढचे शास्त्र त्यांच्या हाती नव्हते, आणि चुना-सुरखीत अनगड दगडांचे जे काम त्यांनी करवून घेतले त्याला तोड नाही. पण पाणी कोणाची विद्वत्ता पाहून दाब कमी करीत नाही. मुल्लपेरियारला १९७९ पासून पुढे पोलादी तारांनी खडकाशी जखडावे लागले, माथ्यावर काँक्रीटचे ओझे घालावे लागले व पाठीमागून काँक्रीटचा आधार द्यावा लागला. तिन्ही उपायांचा अर्थ एकच, की उचलणाऱ्या पाण्याविरुद्ध वजन वाढविणे.

खडकवासल्याचा शेवट निराळा आणि सर्वांस ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला, पाणी माथ्यावरून गेले आणि जुनी भिंत फुटली. तेथे खालच्या दाबाचा वाद घालण्याचे कारण नाही. परंतु आपल्या सोप्या गणितातला एक भाग येथे उपयोगी पडतो. पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो आणि उलथविण्याची शक्ती घनाने. तीस मीटरच्या भिंतीवर पाणी तेहतीस मीटरच्या पातळीला उभे राहिले, तर खोली वाढली दशांशाने आणि उलथविण्याची शक्ती ४५०० वरून सुमारे ६००० टन-मीटर, म्हणजे एक-तृतीयांशाने. धरणावर ‘थोडेसे’ पाणी जास्त झाले असे वर्तमानपत्रात वाचावयास मिळते तेव्हा हा घन आम्हांस आठवतो.

आणि भंडारदरा. प्रवरेवरील हे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, उंची सुमारे ८२ मीटर. हिंदुस्थानात त्या वेळी याहून उंच धरण नव्हते. त्रेचाळीस वर्षे त्याने नगर जिल्ह्यातील उसाला पाणी दिले. १९६९ च्या पावसाळ्यात तलाव भरला असता कोरड्या अंगाच्या दगडकामात भेगा दिसल्या आणि त्यांतून पाणी जोराने बाहेर येऊ लागले. बूझे आणि ऑस्टिन येथे अशी सूचना मिळूनही जे झाले नाही ते येथे झाले: तलावाची पातळी उतरविण्यात आली, वर्षानुवर्षे ती खालीच ठेवली गेली, आणि भिंतीच्या पाठीला काँक्रीटचे भरभक्कम टेकू देण्यात आले. पावसाळ्यात लोक तेथे अंब्रेला धबधबा पाहावयास गर्दी करतात. धबधब्याकडे तोंड करून उभे राहिले तर वर भिंतीच्या अंगाला ते टेकू दिसतात. त्यांतील प्रत्येकाचे वजन आपल्या गणितातल्या ‘खालून वर’ या शब्दांच्या हिशेबी मांडलेले आहे.